बारा रुपये, सुट्टे काढा

(दृश्य: कुर्ला स्टेशनची पश्चिम बाजू. सकाळचे पावणेनऊ. रिक्षांच्या गराड्यातून वाट काढत एक एसी बस थांब्याला लागते.)

निवेदन :

कुर्ल्याहून वांद्रे-कुर्ला संकुलाकडे, म्हणजे बीकेसीला जाणारी बस. दार उघडायच्या आत रांग मोडली. अर्धा तास इमानेइतबारे रांगेत उभे असलेले मागे राहिले आणि आत्ताच जिन्यावरून उतरलेले आत शिरले. आता बसमध्ये हात वर काढायलाही जागा नाही, आणि नेमका हात वर काढूनच पैसे द्यायचे आहेत.

"बारा रुपये, सुट्टे काढा, सुट्टे काढून ठेवा. पुढे सरका हो, पुढे रिकामं आहे."

पुढे रिकामं नाही, हे कंडक्टरलाही माहीत आहे.

एक गृहस्थ शंभराची बंदी नोट पुढे करतात.

"साहेब, दुसरीच फेरी आहे. कुठून आणू अठ्ठ्याऐंशी?"

"मग मी काय करू? मी काय नोटा छापतो?"

"उतरताना घ्या."

मशीनमधून तिकीट निघतं. कंडक्टर ते उलटं करतो, मांडीवर ठेवायला मांडी मोकळी नाही म्हणून सीटच्या दांड्यावर टेकवतो, मागे पेनाने '88' लिहितो आणि खाली छोटी सही करतो. आता त्या गृहस्थांचं बीकेसीपर्यंतचं सगळं लक्ष त्या कागदाच्या चिठोऱ्यावर. स्टॉप आला की गर्दीतून दाराकडे जायचं, की दाराच्या उलट्या दिशेला कंडक्टरकडे? तोवर कंडक्टर बसच्या दुसऱ्या टोकाला पोचलेला असतो.

हे भांडण रोजचं आहे. आवाज चढतात, कोणीतरी मध्ये पडतं, कोणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढतं. ज्यांनी हा बाराचा आकडा ठरवला, ते मात्र या बसमध्ये नसतात.

(दृश्य: तिकिटाचा जवळून घेतलेला फोटो. रक्कम : 12.00)

मुंबईत बसचं भाडं 9 मे 2025 पासून वाढलं. साध्या बसचं पहिल्या पाच किलोमीटरचं तिकीट पाचाचं दहा झालं, एसीचं सहाचं बारा. एसीचे पुढचे टप्पे वीस, तीस, पस्तीस, चाळीस. हे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. सगळे पाचाच्या पाढ्यातले, एकटा बारा सोडून. आणि स्टेशन ते ऑफिस, स्टेशन ते शाळा, बाजार ते घर असा छोटा प्रवास करणारा प्रत्येक माणूस त्याच बारामध्ये अडकलेला.

त्याआधीचा तक्ता तर याहून भारी होता. 9 जुलै 2019 ला बेस्टने, म्हणजे मुंबईच्या या बस चालवणाऱ्या उपक्रमाने, भाडं कमी केलं. साध्या बसचं किमान तिकीट आठाचं पाच झालं. शहरात आनंदीआनंद. पण एसीचे टप्पे ठरले सहा, तेरा, एकोणीस आणि पंचवीस. तेरा आणि एकोणीस! हा तक्ता करणाऱ्याने खांद्याला कधी कॅशबॅग अडकवली नसणार, हे कळायला चौकशी समिती नेमायची गरज नाही. पुढच्या काळात ताफ्यात नव्या गाड्या आल्या त्या बहुतेक एसीच. म्हणजे पाच-दहाचं सुटसुटीत तिकीट ज्या गाड्यांना होतं त्या भंगारात निघत गेल्या आणि एकोणीसवाल्या वाढत गेल्या.

मग भाडं सरळ दहाच्या पटीत का नाही ठेवत? ठेवतात की. पुण्यात 1 जून 2025 पासून पीएमपीने तेच केलं : पाच किलोमीटरला दहा, दहा किलोमीटरला वीस, पंधराला तीस. सुट्ट्यांची कटकट बरीचशी गेली. पण पूर्वी पाच रुपयांत दोन स्टॉप जाणाऱ्याला आता दहा मोजावे लागतात. गोल आकडा नेहमी वरच्याच बाजूला गोल होतो, खालच्या बाजूला झालेला कोणी पाहिलेला नाही. एसटीत याच्या उलट झालं. जानेवारी 2025 मध्ये 14.95 टक्के भाडेवाढ झाली आणि सहा किलोमीटरच्या पहिल्या टप्प्याचं तिकीट अकरा रुपयांवर आलं. टक्केवारी कागदावर बरोबर असेल, पण गावच्या स्टँडवर दहाची नोट देणाऱ्या आजीला तो वरचा एक रुपया कनवटीतून शोधून काढावा लागतो.

(दृश्य: कंडक्टरचे हात. डाव्या हाताच्या बोटांत उभ्या घडीच्या नोटा.)

कंडक्टरच्या बाजूने बघू.

दहाच्या नोटा तर्जनी आणि मधल्या बोटात, विसाच्या पुढच्या बोटात, पन्नास-शंभरच्या घडी करून आत. पावसाळ्यात या नोटा भिजून एकमेकींना चिकटतात आणि दोनच्या जागी एक मोजली जाते, किंवा एकीच्या जागी दोन दिल्या जातात. नाणी बॅगेच्या पुढच्या कप्प्यात. त्यात हात घातला की बोटांनाच कळतं कोणतं नाणं आहे, बघावं लागत नाही. निदान पूर्वी तरी लागत नव्हतं. आता एकाच किमतीची नाणी इतक्या घडणीची आहेत की दोनचं आणि एकचं डोळ्यांपुढे धरल्याशिवाय ओळखू येत नाही.

ड्यूटीला निघताना बॅगेत मोड असते ती नावापुरती. बाकीची मोड प्रवाशांनीच द्यायची, आणि त्यांनाच परत करायची. पहिल्या फेरीत सगळे शंभर, दोनशे आणि पाचशे काढतात, कारण एटीएममधून तेच निघतं. दुपारपर्यंत जरा बरं चालतं. संध्याकाळी बॅग चिल्लरने जड झालेली असते तेव्हा लोक म्हणतात, नोट द्या, चिल्लर नको.

दहा रुपयांच्या नाण्याची तर वेगळीच कथा. खोटं आहे, चालत नाही, ही अफवा वर्षानुवर्षं फिरते आहे. रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2018 मध्ये स्पष्ट केलं की दहाच्या नाण्याच्या चौदाही घडणी कायदेशीर आहेत. पण भाजीवाली ते घेत नाही म्हणून प्रवासी घेत नाही, आणि प्रवासी घेत नाही म्हणून ते कंडक्टरच्या बॅगेतच राहतं.

आता एक गंमत. गंमत म्हणजे हसू येईल अशी नव्हे. 2020-21 च्या सुमारास, बसमध्ये सुट्ट्यांवरून हातघाई चालू असताना, बेस्टच्या तिजोरीत चिल्लर इतकी साठली की कर्मचाऱ्यांच्या पगाराचा काही भाग नाण्यांत आणि छोट्या नोटांत देण्यात आला. पाच आणि दहाच्या नाण्यांच्या पिशव्या घेऊन ड्रायव्हर-कंडक्टर घरी गेले. घरभाडं, शाळेची फी, किराणा, नाण्यांत भरून बघा म्हणजे कळेल. म्हणजे शहरात सुट्ट्यांचा दुष्काळ नव्हताच. चिल्लर होती, फक्त सकाळी पावणेनऊला कुर्ल्याच्या बसमध्ये नव्हती. तिजोरीतून बॅगेपर्यंत तिला पोचवणं हे कोणाचंच काम नव्हतं.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. अॅल्युमिनियमची तिकिटांची पेटी, पंच, रंगीत तिकिटांच्या गड्ड्या.)

मुंबईतली पहिली मोटारबस 15 जुलै 1926 ला अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत धावली. तेव्हापासून कितीतरी वर्षं तिकीट म्हणजे किमतीप्रमाणे वेगवेगळ्या रंगाचा कागद, आणि त्याला भोक पाडणारा पंच. कंडक्टर रिकाम्या हातानेही तो टिकटिक वाजवत यायचा आणि झोपलेले आपसूक खिशात हात घालायचे. दोरी ओढून घंटा : एक म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. पंच गेला, मशीन आलं. मशीनच्या तिकिटाची शाई महिनाभरात उडते. ऑफिसात प्रवासखर्चाला जोडलेलं तिकीट साहेबांच्या टेबलावर पोचेपर्यंत कोरं झालेलं असतं.

आणि आता मोबाइल.

यूपीआयने सुट्ट्यांचा प्रश्न सुटला असं वाटणं साहजिक आहे, आणि बऱ्याच अंशी खरंही आहे. बीकेसीला उतरणाऱ्यांत निम्मेजण फोनवरच तिकीट काढताना दिसतील. पण चालत्या बसमध्ये, एका हाताने दांडा धरून, दुसऱ्या हाताने कोड स्कॅन करून, अंगठ्याने पिन घालायचा. नेटवर्क नेमकं पुलाखाली जातं. गोल चक्र फिरत राहतं. खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज येतो, तिकीट येत नाही. "पैसे गेलेत माझे" आणि "माझ्याकडे आले नाहीत" ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असतात. मागे दहा माणसं तिकिटाची वाट बघत असतात. शेवटी तो तरुण पाकीट काढतो, आणि त्यात असते पाचशेची नोट.

दक्षिण मुंबईत एप्रिल 2022 पासून काही बसमध्ये चढताना आणि उतरताना कार्ड टेकवायची सोय झाली. कल्पना चांगली. गर्दी नसलेल्या बसमध्ये उत्तम चालते. मुंबईत गर्दी नसलेली बस कुठे मिळते, तेवढं शोधा.

काही मार्गांवर कंडक्टरच काढून टाकून पाहिले. बसमध्ये फक्त ड्रायव्हर, तिकीट देणारा थांब्यावर उभा. तो प्रत्येक थांब्यावर असेलच असं नाही, आणि असला तर सगळ्यांना तिकिटं देऊन होईपर्यंत बस हलायची नाही. वेळ वाचवायला काढलेल्या युक्तीने वेळच खाल्ला. लोकांनी तक्रारी केल्या आणि बऱ्याच मार्गांवर कंडक्टर पुन्हा गाडीत चढले.

(दृश्य: थांब्यावरची रांग. एक बाई पदराने वारा घेत रस्त्याच्या वळणाकडे बघतेय.)

पण दोन रुपयांवरून माणूस एवढा का भडकतो? उत्तर बसच्या आत नाही, थांब्यावर आहे.

बेस्टच्या ताफ्यात 2010 च्या सुमारास चार हजारांहून जास्त बस होत्या. 2025 मध्ये त्या तीन हजारांच्याही खाली गेल्या. त्यातल्या बहुसंख्य भाड्याच्या : गाडी कंत्राटदाराची, ड्रायव्हर कंत्राटदाराचा, कंडक्टर बेस्टचा. एसी बंद पडला तर बोलायचं कोणाला? कंडक्टर म्हणतो गाडी आमची नाही, ड्रायव्हर म्हणतो मी नोकर आहे. ऑगस्ट 2023 मध्ये याच कंत्राटी ड्रायव्हरांनी पगारवाढीसाठी काम बंद केलं तेव्हा शेकडो गाड्या आगारातच उभ्या राहिल्या आणि थांब्यावरच्या माणसाला कळेचना की आपली बस उशिरा आहे की येणारच नाही. बेस्ट वीजही पुरवते, आणि पूर्वी त्या विजेच्या नफ्यातून बसचा तोटा भरून निघायचा. पुढे तो मार्ग बंद झाला, आणि तेव्हापासून गाड्या कमी, फेऱ्या कमी, थांब्यावर माणसं जास्त, असं चालू आहे.

ॲपवर बस 'चार मिनिटांत' दिसते. चार मिनिटांनी पुन्हा चार. मग ती नाहीशी होते. मग तीन बस एकामागोमाग येतात, पहिली खचाखच, तिसरी रिकामी, आणि आपण घाईघाईने पहिलीत चढलेलो असतो. अशा अवस्थेत चढलेल्या माणसाला समोर दिसतो तो कंडक्टर. बाकी सगळे अदृश्य आहेत. राग कोणावर निघणार?

(दृश्य: तीच बाई आता बसमध्ये, खिडकीशी. मांडीवर डब्याची पिशवी.)

या ताई तीन घरी स्वयंपाक करतात. घरून स्टेशनच्या बाजूला एक बस, तिथून सोसायटीपर्यंत दुसरी. येताना तशाच दोन. दिवसाला चार तिकिटं. सहाच्या हिशोबाने रोज चोवीस रुपये व्हायचे, आता अठ्ठेचाळीस. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर 624 चे 1,248. पगार दुप्पट झालेला नाही, हे वेगळं सांगायला नको.

कोणी म्हणेल, पास काढा. महिन्याचा पास 900 चा 1,800 झाला. त्यांच्या सुट्ट्या तिकिटांचा खर्च पासाहून साडेपाचशे रुपये कमी आहे. पास परवडतो लांबून येणाऱ्याला, ज्याच्या हातात एक तारखेला एकरकमी पैसे असतात. ॲपमध्ये फेऱ्यांचे स्वस्त प्लॅनही असतात, पण तेही पैसे आधी भरून. या ताईंचं एक घर पाच तारखेला पगार देतं, दुसरं दहाला, तिसरं मागितल्यावर. त्यामुळे ज्यांचा प्रवास सगळ्यात छोटा आणि पैसा सगळ्यात मोजका, त्यांनाच रोज चार वेळा बारा रुपये मोजत उभं राहावं लागतं.

त्यांनी स्वतःपुरता मार्ग काढलाय. रुमालाच्या गाठीत रोज रात्री चार दहाच्या नोटा आणि दोनची चार नाणी बांधून ठेवतात. वाणी दोनची नाणी देत नाही, चॉकलेट देतो. मग ती नाणी त्या आणतात देवळासमोर बसणाऱ्या फुलवालीकडून, पन्नासाची नोट देऊन. फुलवाली हार विकते आणि वर ही मोडही पुरवते. बेस्टची तिजोरी जे करू शकली नाही ते ती एका टोपलीत करते. कंडक्टर त्यांना ओळखतात. "मावशींचं आधी घ्या," म्हणतात, कारण ते आठ सेकंदांत उरकतं.

कधी पाय भरून आले की त्या शेअर रिक्षात बसतात. ती भरली की लगेच सुटते. भाडं जास्त, पण तिथे कोणी बारा मागत नाही. तिथे वीस म्हणजे वीस.

(दृश्य: आगारातली कॅश खिडकी. रात्रीचे साडेनऊ. कंडक्टर बॅग उलटी करतो.)

ड्यूटी संपली. मशीन सांगतं तेवढी रक्कम खिडकीत भरायची. नोटा सरळ करून, दहाच्या वेगळ्या, विसाच्या वेगळ्या, नाण्यांचे ढीग. कमी भरली तर फरक स्वतःच्या खिशातून. म्हणूनच दोन रुपये सोडून द्यायला त्याचा जीव होत नाही. दिवसभरात पन्नास जणांना 'राहू दे दोन रुपये' म्हटलं तर शंभराला खड्डा.

आज उलट झालंय. रक्कम जास्त निघाली. कोणाचे तरी पैसे द्यायचे राहिले, तिकिटामागे लिहून दिलं होतं, माणूस गर्दीत विसरला आणि उतरून गेला. जास्त निघालेले पैसेही भरावेच लागतात, ठेवले तर अपहार. खिडकीतला कारकून मान वर न करता विचारतो,

"किती जास्त?"

"अठ्ठ्याऐंशी."

"लिहा. आणि चिल्लर पलीकडच्या खिडकीत द्या, इथे जागा नाही."