पडवीतलं मक्याचं पोतं

नमस्कार मंडळी! सत्तरी, डिचोली, पेडण्याकडे जे कोणी गुरं सांभाळतात त्यांच्याशी आज जरा बोलायचंय. विषय साधाच, पडवीत ठेवलेलं मक्याचं पोतं.

गेल्या पावसात माझ्याच घरी झालं हे. सहा पोती एकावर एक, सगळ्यात खालचं थेट जमिनीवर, त्यात चवथीची गडबड, मग बघतोय कोण. नंतर हात घातला तर आत कोमट लागलं, दाणे चिकटून ढेकूळ झालेलं आणि दाण्यांच्या टोकाशी हिरवट-पिवळी भुकटी. आई म्हणाली उन्हात टाक, सुकेल. टाकला, पाखडला, दिसायला एकदम फर्स्टक्लास, मग भरडून म्हशीला आणि वासराला घातला. पंधरा दिवसांत वासराचे केस राठ, शेण पातळ, खायला तोंड लावेना, म्हशीचं दूध पण उतरलं.

डॉक्टरांनी आधी पोतंच मागितलं बघायला. बुरशी पाखडून जाते हो, पण तिने सोडलेलं विष दाण्यातच राहतं. अफ्लाटॉक्सिन म्हणतात त्याला, शिजवलं तरी बहुतेक तसंच उरतं, आणि ते धरतं लिव्हरला. मोठ्या गुरांच्या पोटात थोडंफार मोडतं, पण वासराचं पोट अजून तयार नसतं ना, म्हणून ते आधी पडतं. बदकाची पिल्लं तर त्याहून नाजूक.

हे विष कळलं ते 1960 मध्ये. इंग्लंडात लाखाच्या वर टर्की पक्षी मेले, रोगाला नावच नव्हतं म्हणून नुसतं 'एक्स' म्हणायचे, शेवटी सापडलं ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीत. आणि आपल्याच देशात, 1974 ला राजस्थान-गुजरातच्या बांसवाडा-पंचमहालकडे पावसात भिजलेला मका खाऊन शंभरावर माणसं गेली, त्यांच्या घरची कुत्री पण.

आता दुधाचं. विषाचा थोडा अंश दुधात उतरतो, उकळून जात नाही, म्हणजे म्हशीने खाल्लेलं आपल्या चहात. खराब खाद्य बंद केलं की तीन-चार दिवसांत दूध साफ होतं, तेवढं बरंय.

आता माझी पोती फळ्यांवर असतात, भिंतीपासून हातभर लांब. ते खराब पोतं पुरून टाकलं, कोंबड्यांना पण नाही घातलं, आई दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. वासरू वाचलं, पण शेजारच्या बरोबरीच्या पाड्यापुढे अजून टीचभर बुटकंच दिसतं.