मोजलं कुठे?

(दृश्य: तुरिनच्या संग्रहालयात काचेमागे ठेवलेली कवटी)

ही कवटी ज्युसेप्पे व्हिलेला नावाच्या माणसाची. इटलीच्या दक्षिणेकडच्या कालाब्रियाचा हा माणूस चोरीबद्दल शिक्षा भोगलेला होता. चेझारे लोम्ब्रोसो या डॉक्टरने त्याची कवटी तपासली. आतून, मागच्या बाजूला, जिथे बहुतेकांना हाडाची कड असते तिथे त्याला खळगा दिसला. काही प्राण्यांच्या कवटीत असतो तसा. लोम्ब्रोसोने त्यावर सिद्धान्तच उभा केला: काही माणसं जन्मतःच गुन्हेगार असतात, उत्क्रांतीच्या मागच्या पायरीवरची असतात. 1876 मध्ये त्याचा ग्रंथ आला. मोठा जबडा, लांब हात, वेगळे कान, अशा खुणांची यादीच तयार झाली.

यादी पटण्यासारखी होती, कारण ती कैद्यांमध्ये दिसत होती. पण तुरुंगाबाहेरच्या माणसांमध्ये ती किती दिसते, हे तेवढ्याच काटेकोरपणे कोणी पाहिलं नव्हतं.

ते पाहिलं चार्ल्स गोरिंग या इंग्लंडमधल्या तुरुंगाच्या डॉक्टरने. सुमारे 3000 कैद्यांची मापं घेतली गेली. मग ती विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या आणि सैनिकांच्या मापांशी ताडून पाहिली. 1913 मध्ये निष्कर्ष आला: गुन्हेगारी चेहरा, गुन्हेगारी कवटी असं काही सापडत नाही. गोरिंगने मात्र आनुवंशिकता सोडली नाही. कमी बुद्धी वारशाने येते आणि गुन्ह्याकडे नेते, असं तो म्हणत राहिला. हा विचार त्या काळी सगळीकडे पसरलेला होता. अमेरिकेत इंडियाना राज्याने 1907 मध्येच सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला होता, आणि त्यात सराईत गुन्हेगारांचाही समावेश होता. एखाद्या अर्ध्याकच्च्या सिद्धान्तापायी माणसाच्या शरीरावर शस्त्र चालवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. ही गोष्ट मला विसरता येत नाही.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं)

1965. स्कॉटलंडमधलं कारस्टेअर्स रुग्णालय, मनोरुग्ण गुन्हेगारांसाठीचं, कडक बंदोबस्तातलं. पॅट्रिशिया जेकब्स आणि सहकाऱ्यांनी तिथल्या 197 पुरुषांची गुणसूत्रं तपासली. सात जणांमध्ये एक वाय गुणसूत्र जास्तीचं निघालं. सर्वसाधारणपणे हे हजारात एखाद्या पुरुषात आढळतं. पुढच्याच वर्षी शिकागोमध्ये रिचर्ड स्पेकने आठ तरुण परिचारिकांना मारलं. त्याच्यातही हे जास्तीचं गुणसूत्र आहे, अशा बातम्या काही काळाने छापून आल्या. त्या खोट्या होत्या. त्याची गुणसूत्रं नेहमीसारखीच होती. पण ‘खुनी गुणसूत्र’ ही कल्पना तोवर लोकांच्या मनात घट्ट बसली होती.

डेन्मार्कमध्ये संशोधकांनी वेगळी वाट धरली. ते ना तुरुंगात गेले, ना रुग्णालयात. जास्तीचं वाय गुणसूत्र असलेले पुरुष बहुधा उंच असतात, म्हणून कोपनहेगनमध्ये जन्मलेल्या उंच पुरुषांची यादी काढून त्यांनी 4139 जणांचे नमुने तपासले. त्यांत जास्तीचं वाय गुणसूत्र असलेले 12 निघाले. त्या बारांपैकी पाच जणांना कधी ना कधी शिक्षा झालेली होती. हे प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त, हे खरं. पण गुन्हे बहुतेक किरकोळ होते, हिंसेचे नव्हेत. 1976 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

(दृश्य: एका कुटुंबाची वंशावळ, काही पुरुषांपुढे काळे चौकोन)

मग जनुकांची पाळी आली. 1993 मध्ये हान्स ब्रुनर यांनी नेदरलँड्समधल्या एका कुटुंबाचा अभ्यास मांडला. त्यातल्या काही पुरुषांचे संतापाचे झटके, आग लावणं, बलात्काराचा प्रयत्न, या सगळ्याशी एमएओए या एकाच जनुकातला बिघाड जोडलेला होता. हे जनुक मेंदूतली सेरोटोनिनसारखी रसायनं मोडणारं एन्झाइम बनवतं. त्या पुरुषांमध्ये ते बनतच नव्हतं. असा पूर्ण बिघाड अत्यंत दुर्मिळ. याच जनुकाचा मंद काम करणारा प्रकार मात्र युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण तिघांत एकाला असतो. वर्तमानपत्रांनी हा फरक पाळला नाही. 2009 मध्ये इटलीतल्या त्रिएस्तेच्या अपील न्यायालयाने एका खुन्याची शिक्षा वर्षभराने कमी केली. कारणांमध्ये त्याच्या जनुकांचा अहवाल होता.

त्या निकालाच्या सात वर्षं आधी हे जनुकच माणसाला हिंसक बनवतं का, याचं एक उत्तर न्यूझीलंडच्या डनिडिनमधून आलं होतं. तिथे 1972-73 मध्ये जन्मलेल्या हजाराहून अधिक मुलांवर लहानपणापासून लक्ष ठेवलं जातंय; कोण गुन्हा करणार हे कोणालाच ठाऊक नसताना सुरू झालेला हा अभ्यास आहे. त्यातल्या 442 मुलग्यांचं एमएओए तपासलं. जनुक मंद आणि बालपणी छळही, असे 12 टक्के होते. हिंसक गुन्ह्यांच्या शिक्षांपैकी 44 टक्के त्यांच्या वाट्याला आल्या. आणि ज्यांचं जनुक मंद होतं, पण ज्यांना घरी कोणी छळलं नव्हतं, ती मुलं मोठेपणी इतरांपेक्षा जास्त हिंसक निघाली नाहीत.