वुल्वरकोटमधली रविवारची सकाळ

ऑक्सफर्ड. कॉलेजांना सुट्टी आहे, म्हणून विद्यार्थ्यांच्या खोल्यांत या चार दिवसांपुरते आम्ही उतरलोय. गळ्यात ओळखपत्र, अंगावर झगा, कुणाच्या कानांना टोकदार कान, कथेतल्या अमर एल्फ लोकांसारखे. हा ऑक्सनमूट, ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणाऱ्या जे. आर. आर. टॉल्किन यांच्या नावानं चालणाऱ्या टॉल्किन सोसायटीचा वार्षिक मेळावा. सोसायटी १९६९ सालची, मेळावा १९७४ पासूनचा. मूट म्हणजे सभा. कथेतले वृक्षपाळ एंट जमतात, त्या सभेचं नावही एंटमूटच.

शाळेत असल्यापासून टॉल्किनची पुस्तकं मी एकटीनं वाचली. घरात कुणाशी बोलणार? इथे नाश्त्याच्या टेबलावर शेजारची अनोळखी बाई मला पहिला प्रश्न विचारते: टॉल्किनच्या कथाविश्वाच्या इतिहासातलं कुठलं पर्व तुम्हाला सगळ्यात जवळचं?

दिवसभर व्याख्यानं. नकाशांवर, झाडांवर, युद्धावर. माझं मन अडकलं ते भाषेच्या सत्रात. फळ्यावर एक शब्द होता, किर्या. टॉल्किननी एल्फांसाठी रचलेल्या क्वेन्या भाषेत किर्या म्हणजे जहाज. किर्यास्से म्हणजे जहाजात, किर्यान्ना म्हणजे जहाजाकडे, किर्याल्लो म्हणजे जहाजावरून. इंग्रजी बोलणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागत होतं. मला नाही! घरात, घराकडे, घराहून. शाळेत पाठ केलेल्या विभक्ती माझ्यासमोर एल्फांच्या तोंडी उभ्या होत्या. टॉल्किन इथल्याच एक्झिटर कॉलेजात शिकत असताना त्यांच्या हाती फिनिश भाषेचं व्याकरण लागलं, आणि क्वेन्याची घडण त्याच वळणावर गेली. फिनिशमध्येही नामाला असेच प्रत्यय लागतात.

शनिवारी रात्री वेशभूषा, गाणी, नाच. पण मला सांगायचंय ते रविवारचं.

रविवारी सकाळी सगळे वुल्वरकोटला जातात, शहराच्या उत्तरेकडच्या दफनभूमीत. करड्या ग्रॅनाइटचा साधा दगड. एडिथ मेरी टॉल्किन, खाली लुथिएन, १८८९ ते १९७१. जॉन रोनाल्ड रूएल टॉल्किन, खाली बेरेन, १८९२ ते १९७३.

ही नावं कुठून आली ते सांगते. दोघंही आईवडिलांविना वाढलेली. टॉल्किनच्या पालक धर्मगुरूंनी त्याला एकवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत एडिथला भेटायचं नाही, पत्र लिहायचं नाही, असं बजावलं. त्यानं ते पाळलं. वाढदिवसाच्या रात्रीच तिला पत्र लिहिलं. तोवर तिचं लग्न दुसऱ्याशी ठरलं होतं. तिनं ते मोडलं. १९१६ च्या मार्चमध्ये दोघांचं लग्न झालं आणि जूनमध्ये तो पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर गेला. सॉमच्या खंदकांतून तापानं आजारी होऊन परतला. पुढच्या वर्षी यॉर्कशरमधल्या रूस गावाजवळच्या रानात ती त्याच्यासाठी नाचली, पांढऱ्या फुलांत. आपल्याकडे कोथिंबीर फुलावर आली की दिसते, तसे तुरे असतात त्यांचे. त्या नाचातून त्याच्या कथेतली एल्फकन्या लुथिएन जन्मली, मर्त्य बेरेनसाठी स्वतःचं अमरत्व सोडून देणारी.

एडिथ गेल्यावर दगडावर तिच्या नावाखाली लुथिएन कोरायचं त्यांनीच ठरवलं.

आज इथे पुष्पचक्र वाहिलं जातं, थोडं वाचन होतं. या विधीला एन्यालिए म्हणतात, क्वेन्यात स्मरण. आपल्याकडे पुण्यतिथीला समाधीपुढे होते तशीच शांतता. कालचे टोकदार कान आज कुणी लावलेले नाहीत. शेजारचे आजोबा टोपी हातात धरून रडत होते, आणि मीही.

माझ्या पिशवीत मुग्धा कर्णिकांनी केलेला ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा मराठी अनुवाद होता, ‘स्वामी मुद्रिकांचा’. एका मुलीनं तो मागून घेतला, देवनागरीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, यात लुथिएनचं नाव कसं लिहितात? मी पान शोधून दाखवलं. तिनं वहीत ते एकेक वळण बघत उतरवून घेतलं: ल, उकार, थ, वेलांटी, ए, न.

कबरीच्या कडेला कुणीतरी रस्त्यालगतची रानफुलं ठेवली होती. पांढरी, छत्रीसारख्या तुऱ्यांची.