कुदळीआधीचं काम

नमस्कार, श्रोतेहो.

पुरातत्त्वज्ञ म्हटलं की उन्हात गुडघे टेकून ब्रशनं माती झटकणारा माणूस आपल्या डोळ्यांसमोर येतो. चित्र खोटं नाही, पण ते वर्षातल्या मोजक्या आठवड्यांचं आहे. बाकीचे महिने नकाशे, परवानग्या, पैशांची जुळवाजुळव आणि प्रयोगशाळेतली टेबलं यांत जातात. आज मी त्या महिन्यांबद्दल बोलणार आहे. उत्खनन साधणार की फसणार, हे बरंचसं तेव्हाच ठरलेलं असतं.

रसायनशास्त्रातला प्रयोग बिघडला तर दुसरी परीक्षानळी घेता येते. आमच्याकडे ती सोय नाही. मातीचा एक थर उचलला की तो कायमचा गेला, मागे राहतात त्या फक्त आपण केलेल्या नोंदी. हाइनरिक श्लीमान यांनी १८७० च्या दशकात तुर्कस्तानातल्या हिसारलिक इथे होमर या ग्रीक कवीच्या महाकाव्यातल्या ट्रॉय नगराचा शोध घेताना टेकडीतून भलामोठा चर खणला. ट्रॉय तळाशीच असणार असं धरून त्यांनी वरचे थर उपसून टाकले. १८७३ मध्ये सोनं सापडलं आणि हा ट्रॉयचा राजा प्रायम याचा खजिना असं त्यांनी जाहीरही केलं. पुढे कळलं की तो खजिना ट्रोजन युद्धाच्या मानल्या जाणाऱ्या काळाहून हजारभर वर्षं जुना आहे. ज्या काळाचा ते शोध घेत होते, त्यातलं बरंच काही त्यांच्याच मजुरांनी मातीच्या ढिगाऱ्यावर नेऊन टाकलं होतं.

म्हणून आधी प्रश्न हवा. ‘खणून बघू, काय मिळतंय ते’ हा काही प्रश्न झाला नाही. ग्रॅहम क्लार्क या केंब्रिजच्या पुरातत्त्वज्ञाचं उदाहरण मला फार आवडतं. हिमयुग सरल्यावर ब्रिटनमध्ये शिकार करून राहणाऱ्या माणसांची गारगोटीची हत्यारं ढिगानं मिळाली होती, पण नुसत्या दगडावरून ती माणसं खात काय होती, कोणत्या ऋतूत कुठे राहत होती, हे कसं कळावं? त्यासाठी हाडं, शिंगं, लाकूड हवं, आणि ते टिकतं पाणथळ जागी, जिथे हवा पोचत नाही. म्हणजे प्रश्नानंच जागेची अट घातली. यॉर्कशरमधल्या एका आटून गेलेल्या सरोवराच्या काठी एका हौशी संशोधकाला दलदलीच्या मातीत गारगोट्या सापडल्याचं कळताच क्लार्क तिकडे गेले. जागेचं नाव स्टार कार. १९४९ ते १९५१ असे तीन हंगाम त्यांनी तिथे काम केलं. परागकण तपासणारे आणि प्राण्यांची हाडं ओळखणारे तज्ज्ञ त्यांनी योजनेतच धरले होते. शेवटी ‘जरा बघता का’ म्हणून बोलावलेला तज्ज्ञ आणि पहिल्या दिवसापासून सोबत असलेला तज्ज्ञ यांत फार फरक पडतो. शेवटी आलेल्याच्या हाती आपण धुऊन-पुसून ठेवलेल्या वस्तू येतात, सोबत असलेला मुळात काय धुवायचं नाही ते सांगतो.

प्रश्न ठरला तरी कुदळ अजून लांबच असते. आधी जुने नकाशे, हवाई छायाचित्रं आणि पूर्वी कुणी खणलं असेल तर त्याचे अहवाल बघायचे. मग पायी पाहणी. ठरावीक अंतर राखून माणसं रांगेनं चालतात आणि दिसलेल्या प्रत्येक खापराची, दगडाची जागा नोंदवतात. काम कंटाळवाणं, पण त्यातून मिळतं खूप. १९४६ मध्ये गॉर्डन विली यांनी पेरूतल्या विरू खोऱ्यात एकाच टेकाडाला चिकटून न राहता खोऱ्यातल्या सगळ्या वस्त्यांची मांडणी अभ्यासली, तेव्हापासून ‘कुठे राहत होते’ यालाही ‘काय वापरत होते’ इतकंच महत्त्व आलं. आता जोडीला चुंबकीय सर्वेक्षण आहे. जमिनीत पुरलेली भट्टी किंवा बुजलेला खंदक भोवतालच्या मातीहून वेगळा संकेत देतो, आणि एक ढेकूळही न हलवता आराखडा कागदावर उमटतो. घनदाट जंगल असेल तर विमानातून लेझरचे किरण सोडून झाडांखालच्या जमिनीचे उंचसखल भाग मोजतात.

परवानगी, जमीनमालक, शेजारची वस्ती यांबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण नियम देशागणिक बदलतात. एक गोष्ट मात्र कुठेही खरी: ज्यांच्या पूर्वजांची हाडं आपण उचलणार, त्यांना शेवटी विचारायला जाणारी योजना मुळातच चुकलेली असते.

मग खणायचं. टेकाड सहसा पूर्ण खणत नाहीत, नमुन्यादाखल काही चर घेतात. थर हातानं बसवल्यासारखे एकावर एक सपाट नसतात. कुणी खड्डा खणलेला असतो, कुणी भिंतीचा पाया घातलेला असतो, उंदरांनी बिळं केलेली असतात. कोणता खड्डा कोणत्या थराला छेदून गेलाय हे माती खरवडत, रंग न्याहाळत ठरवावं लागतं. हा गुंता कागदावर सोडवायला एडवर्ड हॅरिस यांनी १९७३ मध्ये एक आकृती सुचवली. प्रत्येक थराला, खड्ड्याला, भिंतीला एक चौकट, आणि आधी काय नंतर काय ते दाखवणाऱ्या रेघा. दिसायला वंशावळीसारखी. दिवसअखेरी ती भरताना जमली नाही तर समजावं, सकाळी कुठेतरी नजर चुकली.

माती सगळी फेकत नाहीत. ठरावीक थरांतली माती पाण्यात घोळतात. जळालेले दाणे आणि कोळसा हलके, ते वर तरंगतात आणि बारीक जाळीत अडकतात. याच कोळशातलं कार्बन-१४, म्हणजे काळानुसार घटत जाणारा किरणोत्सर्गी कार्बन, मोजून वय काढता येतं, साधारण ५०,००० वर्षांपर्यंत. ही पद्धत शोधणाऱ्या विलर्ड लिबी यांच्याकडे अगदी सुरुवातीला तपासले गेले त्यांत स्टार कारचाही नमुना होता. पण नमुना कोणत्या थरातला याची नोंद धड नसेल, तर प्रयोगशाळेतून आलेला आकडा कितीही नेमका असला तरी काय कामाचा?

आणि खर्च. नवशिके सगळा पैसा खोदकामावर मांडतात. खरा खर्च नंतर असतो: खापरं धुणं, त्यांवर क्रमांक घालणं, चित्रं काढणं, हाडं जतन करणं, अहवाल लिहिणं. अहवाल न लिहिता सोडलेलं उत्खनन म्हणजे माझ्या मते सरळ सरळ नासधूस. क्लार्क यांचा अहवाल १९५४ मध्ये छापून आला, तीनच वर्षांत. आजही हा वेग पाहून आम्हाला लाज वाटते.

खणायचं नाही असं ठरवणं हादेखील योजनेचा भाग. चीनमध्ये १९७४ मध्ये विहीर खणताना मातीचे सैनिक सापडले. त्यांच्यावरचा रंग कोरडी हवा लागताच काही मिनिटांत सुटू लागतो, हे पुढे लक्षात आलं. हे सैनिक ज्याच्या समाधीजवळ पुरले होते, त्या सम्राट छिन शी हुआंगच्या समाधीचा मुख्य भाग अजून उघडलेला नाही. उद्याच्या लोकांकडे चांगली साधनं असतील, म्हणून ठेवून द्यावं, असा हा विचार.

पण तो दर वेळी लागू पडतो असंही नाही. स्टार कारला पुन्हा काम सुरू झालं तेव्हा वस्ती क्लार्कना वाटली त्याहून कितीतरी मोठी निघाली, एका घराच्या खुणाही मिळाल्या. आणि त्याच वेळी दिसलं की आजूबाजूच्या जमिनीचा निचरा झाल्यानं दलदल सुकतेय, माती आम्लधर्मी होतेय, अकरा हजार वर्षं टिकलेली हाडं मऊ पडून जेलीसारखी झालीत. तिथे थांबणं म्हणजेच गमावणं होतं. म्हणून २०१३ ते २०१५ मध्ये मोठ्या प्रमाणावर खणलं.

हंगाम संपला की चर बुजवतात. तळाशी कापडाचा थर अंथरतात, म्हणजे पुढच्या माणसाला कळावं की आपण इथवर आलो होतो. काही जण त्यावर चालू वर्षाचं एक नाणं टाकतात आणि मग माती लोटतात.

नमस्कार.