फ्रिजची पाठ सांभाळा: मे महिन्यातला गोवा आणि कॅम्पर व्हॅन

व्हॅनच्या बाहेरच्या अंगाला फ्रिजच्या मागची ही दोन जाळीची झाकणं दिसतायत ना, एक खाली, एक वर, आजचा सगळा व्हिडिओ त्यांच्याबद्दल आहे. कारण मे महिन्यात गोव्यात कॅम्पर, म्हणजे आत राहता येईल अशी व्हॅन, घेऊन फिरणाऱ्या कुणालाही विचारा, पहिली तक्रार फ्रिजची. दूध नासलं, सोलकढी आंबली, बटर वाहायला लागलं, आणि मग जो तो पुढचं दार उघडून नॉब पिळत बसतो. अहो, फ्रिज थंडी बनवत नाही, तो आतली उष्णता उचलून मागच्या बाजूने बाहेर टाकतो, आणि बाहेरच 34-35 अंश असले, वर मागची हवा कोंडलेली असली, तर त्याने ती टाकायची कुठे?

आता परदेशातून आलेल्या जुन्या गाड्यांमध्ये जो फ्रिज असतो तो बहुतेक गॅसवर चालणारा, म्हणजे अ‍ॅब्झॉर्प्शनचा. स्टॉकहोममधल्या दोन विद्यार्थ्यांनी, बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स यांनी, 1922 साली ही रचना शोधली. त्यात मोटर नाही, कॉम्प्रेसर नाही, नुसती एक ज्योत, आणि बंद नळ्यांमध्ये अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन. ज्योतीने अमोनिया पाण्यातून उकळून वर जातो, वरच्या कॉइलमध्ये गार होऊन त्याचा द्रव होतो, मग आतल्या बाजूला त्याची वाफ होताना तो फ्रिजमधली उष्णता ओढून घेतो. आग लावून थंडावा काढायचा, मला तर ही गोष्ट आजही फार सुंदर वाटते. पण सगळा खेळ गुरुत्वाकर्षणावर आहे, गाडी एका अंगाला 3-4 अंश जरी कलती उभी राहिली तरी द्रव नळीत अडकतो, बॉयलर, म्हणजे ज्योतीवरचा भाग, नुसता तापत राहतो, आणि असं बरेच तास झालं की नळी कायमची तुंबते. चालत्या गाडीत हे होत नाही, हिंदकळून द्रव हलत राहतो, त्रास उभ्या गाडीत. म्हणून आधी स्पिरिट लेव्हल, म्हणजे सपाटी बघायची बुडबुड्याची पट्टी, ठेवून बघायचं, लाकडी ठोकळे लावून गाडी सरळ करायची, मगच ज्योत पेटवायची. आणि पेट्रोल पंपावर शिरायच्या आधी ती ज्योत बंद, यात चर्चा नको.

खालच्या जाळीतून हवा आत यायची, कॉइलला लागून तापायची आणि धुरांड्यासारखी वर चढून वरच्या जाळीतून बाहेर पडायची, एवढंच तर हवंय. पण बघा हं, कॉइल आणि भिंतीच्या मधे तीन-चार इंच मोकळी जागा असली तर हवा शहाणपणाने मोकळ्या वाटेनेच जाते, कॉइलला शिवतही नाही. तिथे पत्र्याचा आडोसा लावून जागा इंचभरावर आणायची. वर एक कॉम्प्युटरचा 12 व्होल्टचा पंखा बसवायचा, तोंड वरच्या जाळीकडे, करंट जेमतेम पाव अँपिअर. वाळवंटात रात्री हवा गार पडते, फ्रिजला तेवढीच उसंत मिळते, आपल्याकडे मे महिन्यात रात्रीसुद्धा 27 अंश, म्हणून हा पंखा रात्रीही चालूच राहू दे. आणि जाळी उघडून साफ करा प्लीज, खाऱ्या हवेची पुटं, लाल धूळ, कुंभारमाशीची मातीची घरं, सगळं तिथेच साचतं.

इथे बनणाऱ्या नव्या व्हॅनमध्ये 12 व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला फ्रिज असतो. त्याला गाडी थोडी कलती असली तरी चालते, उन्हातही तो जास्त खमका, पण इथे वेगळीच गंमत. प्लायवूडचं कपाट इतकं सुरेख बनवलेलं, एकही फट नाही, आणि फ्रिज त्यात गच्च बसवलेला! पाठीमागे पन्नास अंशांची भट्टी. फ्रिजच्या स्टिकरवर हवामानाचा वर्ग लिहिलेला असतो, एन असेल तर 32 अंशांपर्यंत, एसटी 38, टी 43, आणि हा आकडा फ्रिजच्या भोवतालच्या हवेचा, हवामान खात्याचा नाही. त्या कपाटाला खाली एक आणि वर एक भोक पाडा, सुताराला वाईट वाटलं तरी चालेल. आणि वायर जाड घाला, पातळ वायरीत व्होल्टेज पडतं, कॉम्प्रेसर सुरू व्हायला जातो आणि बंद पडतो, लोक उगाच बॅटरीला शिव्या देतात.

मग येतो प्रश्न आत काय ठेवायचं. दार कमी उघडा असं सगळे सांगतात, ते बरोबरच आहे, दमट हवा आत जाते, आतल्या गार पात्यांवर, म्हणजे फिन्सवर, बर्फाचा थर धरतो आणि त्या थराने थंडावा अडतो. पण त्याहून मोठं ओझं गरम सामानाचं. 1 लिटर पाणी 30 अंशांवरून 5 वर आणायचं म्हणजे जवळपास 105 किलोज्यूल, म्हणजे उन्हात तापलेल्या सहा बाटल्या एकदम भरल्या की 600 च्या वर, फ्रिज संध्याकाळपर्यंत तेच निस्तरतो आणि तोवर दूध 10 अंशांवर बसलेलं. निघायच्या आदल्या रात्री घरच्या लाइटवर फ्रिज लावून रिकामाच गार करायचा, घरच्या फ्रिजमधलंच गार सामान त्यात भरायचं.

आणि मासे? म्हापशाच्या बाजारातून बांगडे, सुंगटं म्हणजे कोळंबी, इसवणाचे म्हणजे सुरमईचे तुकडे घेतले की ते व्हॅनच्या फ्रिजमध्ये नकोच. थर्माकोलचा डबा आणि बर्फाचा चुरा. 1 किलो बर्फ वितळताना 334 किलोज्यूल ओढून घेतो, बॅटरीचं एक टक्काही न खाता. वितळलेलं पाणी काढत राहा, मासे त्यात भिजत ठेवू नका. फ्रिज दुधा-दह्याला ठेवा.

राहिली सावली. किनाऱ्यावर गाडी उतरवायला गोव्यात बंदी आहे, त्यामुळे लोक रस्त्याकडेला माडाखाली लावतात, पण माडाची सावली विरळ, तासाभरात सरकते, आणि वरून नारळ पडतो तो वेगळा. त्यापेक्षा आंबा किंवा फणस बघा. झाड नसेल तर दिशा तरी बघा. नेटवरचा सल्ला असतो की फ्रिजची जाळी उत्तरेला ठेवा, तो युरोप-अमेरिकेसाठी ठीक. गोवा साधारण 15 अंश उत्तर अक्षांशावर, त्यामुळे मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत आपल्याकडे सूर्य दुपारीसुद्धा डोक्याच्या किंचित उत्तरेलाच असतो. म्हणजे मे महिन्यात जाळी दक्षिणेला करून गाडी लावली तर त्या भिंतीवर दिवसभर थेट ऊन पडत नाही. डिसेंबरात आलात तर गाडी उलटी फिरवा, तेव्हा सूर्य दक्षिणेला असतो.