चुकीलाही सही असते

अध्यक्ष महाशय, डॉक्टर मित्रमैत्रिणींनो, परिचारिका भगिनींनो आणि अगदी मागच्या रांगेत दडून बसलेले लॅबचे तंत्रज्ञ! तुम्ही पुढे या, आजचं व्याख्यान तुमच्याच बाजूचं आहे. फलकावर विषय लिहिलाय, 'छोट्या रुग्णालयातले दुर्मीळ आजार : निदान आणि पुढची दिशा'. विषय भारदस्त आहे. त्यातल्या पुढच्या दिशेकडे मी शेवटी येईन. आधी मला लॅबच्या वतीने एक तक्रार मांडायची आहे, कारण ती ऐकून घ्यायला एवढे डॉक्टर एका खोलीत, फोन बंद करून, पुन्हा कधी सापडतील याची खात्री नाही.

तक्रार अशी. विचित्र आकडा आला की वॉर्डमधून लॅबला फोन येतो. वाक्य ठरलेलं असतं : "मॅडम, हे क्लिनिकली जुळत नाही, जरा रिपीट करा." रिपीट केलं, तोच आकडा. मग, "नवीन सॅम्पल पाठवतो." ते लावलं, पुन्हा तोच. यानंतर फोन येत नाही. सॅम्पल परस्पर दुसऱ्या लॅबला जातं. (हशा) हसताय, पण तिथूनही तोच आकडा येतो आणि तो मात्र लगेच खरा ठरतो.

आता यात दुर्मीळ आजार कुठे आला, असं डॉक्टरांच्या चेहऱ्यावर दिसतंय. तो इथेच आला. युरोपात दोन हजारांत एकापेक्षा जास्त जणांना होत नाही तो आजार दुर्मीळ धरतात. अमेरिकेच्या कायद्यात देशभरात दोन लाखांहून कमी रुग्ण, अशी व्याख्या आहे. एकेकटा आजार विरळाच, पण असे आजार सहा हजारांच्या वर आहेत आणि जगभरातले त्यांचे रुग्ण एकत्र मोजले तर अंदाज तीस कोटींच्या आसपास जातो. ही माणसं आजारी पडली की थेट मोठ्या संशोधन केंद्रात जात नाहीत. आधी जवळच्या रुग्णालयात येतात, पोटदुखी म्हणून, अशक्तपणा म्हणून, चक्कर म्हणून. आपण नेहमीच्या तपासण्या लिहितो, आणि त्या नेहमीच्या कागदावर एक आकडा असा येतो की जो कुणालाच नको असतो. त्याला आपण लॅबची चूक म्हणतो आणि रुग्णाला घरी पाठवतो.

लॅब चुकत नाही, असा माझा दावा नाही. चुका रोज होतात, आणि त्यातल्या बऱ्याच नळी लॅबच्या दारात पोचण्याआधीच झालेल्या असतात. (मागच्या रांगेतून टाळ्या) पण चुकीलाही स्वतःची सही असते. जांभळ्या झाकणाच्या नळीतलं रक्त कुणी गुपचूप दुसऱ्या नळीत ओतलं, तर पोटॅशियम आभाळाला टेकतं आणि त्याच वेळी कॅल्शियम तळाला जातं, कारण त्या नळीतल्या ईडीटीएमध्ये, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या रसायनात, पोटॅशियम असतं आणि ईडीटीए कॅल्शियमला धरून ठेवतं. जीव गेलेल्या माणसाचं वाटावं असं कॅल्शियम आणि रुग्ण मात्र कॉटवर बसून गप्पा मारतोय, म्हणजे सही पटली. सॅम्पलमधल्या लाल पेशी फुटल्या असतील तर सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी, लालसर दिसतं. ग्लुकोजचं सलाईन चालू असलेल्या हातातून रक्त काढलं असेल तर सोडियम घसरतं, पण त्याच वेळी साखर पाचशेच्या पलीकडे उडते आणि प्रथिनं, कॅल्शियम, हिमोग्लोबिन सगळंच पातळ होतं. ही सही दिसली तर खुशाल चूक म्हणा, मीच नळी फेकून देईन. दिसली नाही, तर आकड्यावर विश्वास ठेवा. माझं आजचं सगळं म्हणणं एवढंच आहे. बाकी उदाहरणं.

एक जरा लांबवून सांगते, माझं आवडतं आहे. घरच्यांनी इतक्या वेळा ऐकलंय की सुरुवात केली की ते उठून जातात. तिशीच्या आतबाहेरची एक बाई. चार दिवस पोटात भयंकर दुखतंय, उलट्या, शौचाला साफ नाही. पोटावर हात ठेवला तर पोट मऊ. सोनोग्राफी स्वच्छ. नाडी मात्र १२०. पोटावर जुना व्रण, अपेंडिक्स काढल्याचा, आणि जुन्या कागदांत त्या अपेंडिक्सचा रिपोर्ट 'नॉर्मल'. म्हणजे आधीही असंच दुखलं होतं आणि आधीही काही सापडलं नव्हतं. बाई रडायची, रात्री भिंतीवर माणसं दिसतात म्हणायची. केस-पेपरवर मानसोपचारतज्ज्ञांचं मत घ्यावं, असं लिहून झालं होतं. आणि सोडियम आलं ११८, म्हणजे धोका वाटावा इतकं कमी.

फोन आला. "सलाईनच्या हातातून घेतलं असेल, सोडून द्या." मी बाकीचे आकडे पाहिले. साखर ९२. प्रथिनं जागच्या जागी, हिमोग्लोबिन कालच्याइतकंच. सीरम दुधाळ नव्हतं, म्हणजे चरबीमुळे सोडियम खोटं कमी दिसतंय, हेही नाही. सही कुठेच नव्हती. ११८ म्हणजे ११८.

आता आमच्या तंत्रज्ञाचं कौतुक. तो मागे बसलाय, उभा राहणार नाही म्हणतोय. सकाळी लघवीची बाटली आली तेव्हा लघवी फिकट पिवळी होती. तपासणी झाल्यावर त्याने ती खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. ठेवू नये, हे त्यालाही माहीत आहे. दुपारी उन्हं फिरली तेव्हा त्याच बाटलीतली लघवी गडद तांबूस झालेली. वॉर्डला कळवलं तर उत्तर, "लघवीतून रक्त जात असेल." पट्टीवर रक्त नाही, सूक्ष्मदर्शकाखाली एकही लाल पेशी नाही. मग आम्ही एक जुनी तपासणी केली. एअरलिख रिएजंट घातलं, मिश्रण चेरीसारखं लाल झालं. एवढ्याने भागत नाही, कारण युरोबिलिनोजेन या लघवीत एरवीही असणाऱ्या पदार्थानेही तो रंग येतो. म्हणून त्यात क्लोरोफॉर्म घालून हलवायचं आणि थांबायचं. क्लोरोफॉर्म जड, तो खाली बसतो. रंग त्याच्याबरोबर खाली उतरला तर युरोबिलिनोजेन. वरच्या पाण्याच्या थरातच राहिला तर पॉर्फोबिलिनोजेन. आम्ही चौघं त्या परीक्षानळीकडे डोळे लावून उभे. रंग वरच राहिला. वॉटसन आणि श्वार्ट्झ यांनी १९४१मध्ये सांगितलेली ही युक्ती. खर्च जवळजवळ शून्य, आणि आज ती येणारी माणसंही जवळजवळ शून्य.

ॲक्यूट इंटरमिटंट पॉर्फिरिया. शरीर हीम, म्हणजे हिमोग्लोबिनमधला लोहाचा भाग, तयार करतं त्या साखळीतलं एक एन्झाइम अर्ध्याच जोराने चालतं, पॉर्फोबिलिनोजेनसारखे आधीचे पदार्थ तुंबतात आणि त्याची शिक्षा नसांना होते. पोट दुखतं ते नसांमुळे, म्हणून पोट मऊ. नाडी पळते त्याचंही कारण तेच. डोकं भ्रमतं आणि सोडियम पडतं. ज्या ११८ला सगळे हाकलत होते, तो आकडा त्याच चित्राचा भाग होता. खोदून विचारल्यावर कळलं, वजन उतरवायला बाईंनी कित्येक दिवस जेवण तोडलं होतं. उपासमार हे या आजाराला चांगलंच निमित्त होतं. बार्बिच्युरेट्स, सल्फा, फेनिटॉइन ही औषधंही तशीच. आणि सोडियम कमी म्हणून फिट आली तर द्यायला वॉर्डमध्ये फेनिटॉइनच काढून ठेवलेलं होतं! तेव्हा लॅबमधून वॉर्डला फोन गेला. रिपीट करा म्हणून नव्हे, देऊ नका म्हणून. पुढे ग्लुकोज, वरच्या रुग्णालयात हेमिन, म्हणजे शिरेतून द्यायचं हीमचंच औषध, सोडियम घाई न करता हळूहळू वर आणणं, हे त्या लोकांनी नीट केलं. बाई चालत घरी गेल्या. बहिणीची तपासणी केली, तिच्यातही तोच दोष निघाला. पण तिला कधीच काही झालेलं नाही, आणि दोष असलेल्या बहुतेकांना आयुष्यभर काही होतही नाही.

एक गंमत राहिली. मोठ्या लॅबला लघवी पाठवायची असेल तर बाटली काळ्या कागदात किंवा फॉइलमध्ये गुंडाळून पाठवा. उन्हात पॉर्फोबिलिनोजेन नासतं आणि मोजमाप खोटं कमी येतं. ज्या उन्हाने आम्हाला वाट दाखवली, तेच पुराव्याचा नाश करतं. आमच्या तंत्रज्ञाला मी शाबासकी आणि मेमो एकाच दिवशी दिला. (हशा)

मी काही नवीन सांगत नाहीये. १९३४ साली नॉर्वेत असब्यॉर्न फॉलिंग या डॉक्टरांकडे एक आई आली. दोन मुलं, दोघांचीही बुद्धी वाढत नव्हती, आणि तिचं एकच टुमणं, मुलांच्या अंगाला चमत्कारिक वास येतो. कितीतरी डॉक्टर करून झाले होते. फॉलिंग डॉक्टर होते आणि रसायनशास्त्रज्ञही. त्यांनी लघवीत फेरिक क्लोराइड घातलं. कीटोन असतील तर लालसर रंग यायला हवा, काही नसेल तर रिएजंटचा तपकिरीच राहायला हवा. आला हिरवा. रिएजंट खराब झालंय, म्हणून त्यांना बाटली बदलता आली असती. त्यांनी मुलांची औषधं बंद करायला सांगून पुन्हा नमुना घेतला. पुन्हा हिरवा. मग त्या हिरव्यामागे लागून त्यांनी फिनाइलपायरुविक आम्ल वेगळं काढलं, आणि आज आपण ज्याला फिनाइलकीटोन्यूरिया म्हणतो तो आजार जगाला कळला. साठच्या दशकात गथ्री यांनी नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब कागदावर घेऊन तो ओळखण्याची पद्धत आणली. वेळेत आहार बदलला की तीच मुलं शाळेत जातात.

आता ऑक्सिजनचा आकडा. बोटाला लावायच्या त्या चिमट्यावर ८५ येतं, ऑक्सिजन वाढवला तरी ८५, आणि रुग्ण निळसर असूनही फारसा धापत नाही. मशीन बिघडलं म्हणून दुसरा चिमटा मागवतात. त्यावरही ८५. रक्तातल्या वायूंची तपासणी म्हणते सगळं ठीक. कारण ते मशीन विरघळलेला ऑक्सिजन मोजतं आणि टक्केवारी हिशेबाने काढतं. चिमटा प्रकाशाच्या दोन लहरी टाकतो, ६६० आणि ९४० नॅनोमीटरच्या. मेथहिमोग्लोबिन, म्हणजे ऑक्सिजन वाहू न शकणारं बिघडलेलं हिमोग्लोबिन, दोन्ही जवळजवळ सारख्याच शोषतं, आणि तसं झालं की चिमट्याचं गणित ८५वर येऊन अडकतं. खात्री करायची असेल तर रक्ताचा थेंब पांढऱ्या गाळणकागदावर टाका. नुसता ऑक्सिजन कमी असलेला थेंब हवेत लाल होतो. हा तपकिरीच राहतो. मग रुग्ण डॅप्सोन, ते कुष्ठरोगावरचं औषध, घेतोय का विचारा, नुकतं कुठे भूल देणारं औषध लावलंय का विचारा. उतारा मिथिलीन ब्लू, पण आधी जी-सिक्स-पीडी या लाल पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची कमतरता नाही ना, ते बघून. आणि कृपा करून लक्षात ठेवा, ते दिल्यावर लघवी हिरवी-निळी होते. त्यासाठी लॅबला फोन करू नका.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. 'पाच मिनिटं.' खाली दोन रेघा मारल्या आहेत.

मग भराभर. ठळक अक्षरात छापलेला वाढीव आकडा सगळे बघतात, कमी आलेल्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. अल्कलाइन फॉस्फटेज हे यकृतातलं आणि हाडांतलं एन्झाइम कमी आलं तर कुणाला आनंद होतो, कुणाला काहीच होत नाही. कोवळ्या वयात यकृत अचानक बंद पडतंय, कावीळ आहे, लाल पेशी फुटताहेत, कूम्ब्स (पेशी प्रतिपिंडांमुळे फुटताहेत का, ते सांगणारी तपासणी) निगेटिव्ह आणि हे एन्झाइम मात्र विलक्षण कमी, तर विल्सनचा आजार, तांबं साठण्याचा, आधी मनात आणा आणि डोळ्यातलं वलय शोधा. लहान मुलाचे दुधाचे दात पाच वर्षांच्या आत मुळासकट पडले आणि हेच एन्झाइम कायम कमी, तर हायपोफॉस्फटेशिया, हाडं आणि दात कच्चे राहण्याचा आजार. त्यावर २०१५पासून औषध आहे. मोठ्या माणसात हाच आजार हाडं ठिसूळ म्हणून दिसतो आणि त्याला हाडांच्या ठिसूळपणावरची नेहमीची बिस्फॉस्फोनेट औषधं देतात, जी त्याला द्यायची नसतात. एमसीएचसी, म्हणजे लाल पेशींमधल्या हिमोग्लोबिनची दाटी, चाळीसच्या वर आलं तर मशीन खरंच चुकलंय. पण का चुकलं ते विचारा. सॅम्पल ३७ अंशांवर गरम करून लावलं आणि आकडा जागेवर आला, तर रक्तात कोल्ड ॲग्लुटिनिन, म्हणजे थंडीत लाल पेशी एकमेकींना चिकटवणारी प्रतिपिंडं, आहेत. तिथून पुढे फुप्फुसाच्या संसर्गापासून लिम्फोमा या कर्करोगापर्यंत शोध घ्यावा लागतो.

आता पुढची दिशा, जिच्यासाठी तुम्ही आलात. दुर्मीळ आजारांचं निदान छोट्या रुग्णालयाने करावं, असं मी म्हणत नाही. संशय घ्यावा, आणि नमुना त्या क्षणीचा ठेवावा. बाळाची साखर पडली की तुम्ही आधी ग्लुकोज देता आणि साखर वर आल्यावर लॅब आठवते. ग्लुकोज द्याच, त्यात उशीर नको, पण शिरेत सुई गेलीच आहे तर आधी एक नळी काढून घ्या. इन्शुलिन, कॉर्टिसोल, कीटोन, लॅक्टेट, अमोनिया यांची उत्तरं त्या नळीत असतात आणि साखर सावरल्यावर ती पुसली जातात. त्यानंतरची पहिली लघवी गोठवून ठेवा. जनुकीय तपासणी लिहिण्याआधी घराण्याचा तक्ता काढा, कारण यातले सत्तर टक्क्यांच्या आसपास आजार आनुवंशिक आहेत, आणि सापडलेल्या जनुकीय बदलाचा 'अर्थ अनिश्चित' असा रिपोर्ट हातात आल्यावर तो तक्ताच कामाला येतो. नकाराचा रिपोर्टही फाइलमध्ये ठेवा, पुढच्या डॉक्टरचे सहा महिने वाचतात. तपासणीच्या फॉर्मवर 'रुटीन' लिहू नका, दोन ओळी लिहा. 'पोट दुखतं, पोट मऊ, नाडी जलद' एवढं जरी त्या फॉर्मवर असतं तरी आम्ही लघवी आदल्या दिवशीच उन्हात ठेवली असती.

चिठ्ठी पुन्हा आली आहे, या वेळी रेघा तीन आहेत. अमोनियाचं राहिलं. नळी बर्फात, सरळ लॅबमध्ये, पंधरा मिनिटांच्या आत, आणि निघण्याआधी फोन करा. हा फोन मात्र जरूर करा. प्रश्न असतील तर विचारा, पण सोडियमवाल्या डॉक्टरांचं नाव विचारू नका, ते इथेच बसले आहेत.