कालचं जिरू दे आधी

नमस्कार, श्रोतेहो.

लहानपणी लग्नाच्या पंगतीत जेवून आलो, की दुसऱ्या दिवशी सकाळी आजी विचारायची, "ढेकर कसला येतोय रे?" आंबट किंवा करपट म्हटलं, की न्याहारी बंद. "कालचं जिरू दे आधी." अजीर्ण या शब्दाचा अर्थ त्या एका वाक्यात होता. मला तो कळला फार उशिरा.

संस्कृतात 'जॄ' हा धातू आहे. झिजणं, जुनं होणं, पचणं हे त्याचे अर्थ. जीर्ण वस्त्र, देवळाचा जीर्णोद्धार, जरा म्हणजे म्हातारपण, ही सगळी त्याचीच लेकरं. आपलं घरगुती 'जिरणं'ही तिथलंच. शेतात पाणी जिरतं, अंगात तेल जिरतं, तसं पोटात अन्न जिरतं. जिरलेलं वेगळं उरत नाही. न जिरता पडून राहिलं, ते अजीर्ण.

महाभारताच्या वनपर्वात इल्वल नावाचा असुर आपल्या भावाला, वातापीला, बोकड करून रांधतो आणि पाहुण्यांना वाढतो. जेवणं झाली की हाक मारतो. वातापी पोट फाडून बाहेर येतो. अगस्ती ऋषी जेवले, तेव्हाही त्यानं हाक मारली. अगस्ती म्हणाले, आता कुठून येणार? तो जिरला. तिथे मूळ शब्द 'जीर्ण' हाच आहे. मला तर ही गोष्ट शब्दकोशापेक्षा जास्त शिकवते.

सुश्रुतसंहितेत अजीर्णाचे प्रकार आहेत. आंबट ढेकर आणि फुगलेलं पोट आपण ओळखतो. पण 'रसशेष' नावाचा प्रकार फसवा: ढेकर स्वच्छ येतो, तरी जेवणावर वासना नसते, छाती जड वाटते. म्हणून नुसत्या ढेकरावर जाऊ नका. कडकडून भूक लागली का, अंग हलकं वाटतं का, ते बघा. घड्याळात एक वाजला म्हणून ताटावर बसू नका. तळणीचं, तुपकट जेवण जठरातून पुढे सरकायला जास्त वेळ घेतं. एखादं जेवण टाळून कोमट पाणी घेतलं, तर बहुतेकांना तेवढंच पुरतं.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगतो. छातीत दाबल्यासारखं होतंय, दरदरून घाम सुटलाय, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे जातेय, तर "गॅस झाला असेल" म्हणून ओवा चघळत बसू नका. तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. रात्रीचे दोन वाजले असले, तरी घरच्यांना उठवा आणि लगेच १०८ ला फोन लावा.

नमस्कार.